बंदिस्त उत्पादनात मुक्तस्रोत लायब्रऱ्या: परवान्यांच्या अटी नेमक्या कशा पाळाव्यात?

जोडारी

सदस्यहो, आमची कंपनी चित्रफिती संपादित करण्याचे एक डेस्कटॉप सॉफ्टवेअर विकते. त्याचा सोर्स कोड आम्ही कोणाला देत नाही आणि पुढेही द्यायचा विचार नाही. उत्पादनाच्या पोटात मात्र मुक्तस्रोत लायब्रऱ्या बऱ्याच आहेत: खिडक्या आणि बटणांसाठी क्यूटी, चित्रफिती उलगडण्यासाठी एफएफएमपेग, जोडीला माहिती आकसणारी झेडलिब आणि सांकेतिकीकरणाची ओपनएसएसएल, जेसन या स्वरूपातील माहिती वाचणारी एमआयटी परवान्याची एक लहानशी लायब्ररी, आणि टर्मिनलवरून चालवायच्या एका साधनात टंकलेली ओळ संपादित करू देणारी रीडलाइन. एका मोठ्या ग्राहकाच्या खरेदी विभागाने करार करण्यापूर्वी या सर्व घटकांची परवान्यांसह यादी मागितली आहे आणि ते काम माझ्याकडे आले आहे.

वरिष्ठांमध्ये दोन तट पडले आहेत. एका तटाच्या मते जे फुकट मिळते ते वापरायला मोकळीक असते, त्यामुळे यादीपलीकडे काही करण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या मते मुक्तस्रोत कोडला नुसता हात लावला तरी आपला सगळा कोड उघडा करावा लागतो, म्हणून हे सारे काढून टाकावे. मला दोन्ही मते टोकाची वाटतात. ज्यांनी असे उत्पादन प्रत्यक्ष ग्राहकाच्या हाती दिले आहे, त्यांनी ते सोबत नेमके काय देतात हे लिहावे, ही विनंती.

फुरसतराव

दोन्ही तटांना सगळे परवाने एकदा मोठ्याने वाचून दाखवा. निम्मे लोक पहिल्या पानावरच झोपतील आणि उरलेल्यांशी चर्चा सोपी जाईल.

काटेकोर

जोडारी, तुमच्या यादीतील सगळ्या नावांना एकच नियम लागू होत नाही. प्रत्येक परवाना ‘मी ग्राहकाला बायनरी, म्हणजे संकलित करून चालवण्यास तयार केलेली फाइल, देतो तेव्हा तिच्यासोबत आणखी काय द्यावे लागते’ हा एकच प्रश्न मनात ठेवून वाचला, तर गोंधळ बराच कमी होतो.

एमआयटी परवाना जेमतेम तीन परिच्छेदांचा आहे आणि त्यात अट एकच आहे: स्वामित्वहक्काची सूचना आणि परवान्याचा मजकूर सॉफ्टवेअरच्या सर्व प्रतींत असला पाहिजे. या ‘सर्व प्रतीं’मध्ये संकलित बायनरीही येते असे धरून चालणेच शहाणपणाचे. बीएसडी परवान्यात तर बायनरीचा उल्लेख स्पष्टच आहे. तिथे सूचना दस्तऐवजात किंवा सोबतच्या साहित्यात छापावी लागते. म्हणजे ‘आम्ही अमुक लायब्ररी वापरतो’ एवढे वाक्य पुरत नाही, तर मूळ लेखकाच्या नावाची ओळ आणि परवान्याचा मजकूर जसाच्या तसा द्यावा लागतो. लोक सर्वाधिक चुकतात ते इथेच, कारण परवाना सोपा असल्याच्या कीर्तीमुळे तो कोणी उघडून पाहत नाही.

याउलट झेडलिबचे लेखक म्हणतात की दस्तऐवजात उल्लेख केलात तर आवडेल, पण ती सक्ती नाही. बूस्ट या सी++ लायब्रऱ्यांच्या संचाच्या परवान्यातही निव्वळ यंत्रसंहितेच्या रूपातील प्रतींना सूचनेतून सूट आहे. तरीही आम्ही सर्वांची नावे देतो. कोणाचे नाव द्यायचे आणि कोणाचे गाळायचे याचा हिशेब ठेवण्यापेक्षा सगळ्यांचे देणे कमी कष्टाचे असते.

ओपनएसएसएलची आवृत्ती तपासा. २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून तिला अपाची २.० परवाना आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांच्या दुहेरी परवान्यात, सॉफ्टवेअरच्या वैशिष्ट्यांचा उल्लेख करणाऱ्या जाहिरातींतसुद्धा ओपनएसएसएल प्रकल्पाचे नाव घेण्याची अट होती. तुमच्या विक्री विभागाला ही अट माहीत असण्याची शक्यता मला शून्य वाटते. अपाची परवान्यात त्याची प्रत द्यावी लागते, बदललेल्या फायलींवर तशी नोंद करावी लागते आणि मूळ प्रकल्पात ‘नोटिस’ नावाची फाइल असेल तर तिच्यातील श्रेयोल्लेख पुढे न्यावे लागतात.

बिनधास्त

एवढे घाबरण्यासारखे काय आहे, हे मला समजत नाही. उत्पादन बंदिस्त आहे. आत कोणती लायब्ररी आहे हे बाहेरच्या माणसाला कळणार कसे? कितीतरी कंपन्या बिनदिक्कत असेच करतात आणि त्यांचे काहीही बिघडत नाही.

खोदकामगार

कळण्यासाठी फारसे कष्ट लागत नाहीत. कोणतीही बायनरी घ्या, तिच्यावर ‘स्ट्रिंग्ज’ हा आदेश चालवा आणि बाहेर पडलेल्या ओळींत ‘कॉपीराइट’ हा शब्द शोधा. आत झेडलिब जोडलेली असेल तर ‘डिफ्लेट’, त्यापुढे आवृत्तीचा क्रमांक, साले आणि ज्याँ-लू गायी व मार्क ॲडलर ही नावे असलेली ओळ बहुधा समोर येते, कारण लेखकांनी ती कोडमध्येच स्थिर मजकूर म्हणून ठेवून दिली आहे. एफएफएमपेग तर आपण कोणत्या पर्यायांनिशी बांधले गेलो ती अख्खी ओळ स्वतःच्या पोटात बाळगते. त्यामुळे ‘एनेबल-जीपीएल’ हा पर्याय (जीपीएल म्हणजे वाटलेल्या संपूर्ण प्रोग्रामचा सोर्स द्यायला लावणारा परवाना) दिला होता की नाही, हे तुमच्या कंपनीत कोणाला विचारावेही लागत नाही. राउटरमध्ये बिझीबॉक्स हा जीपीएलचा छोट्या लिनक्स आदेशांचा संच आहे हे लोक वर्षानुवर्षे असेच ओळखत आले आहेत.

फंक्शनांची नावे पुसून टाकली तरी त्रुटिसंदेश, तक्ते आणि स्थिरांक यांवरून ओळख पटते. शिवाय मुद्दाम पुसल्याचे उघड झाले, की ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ ही सबब उरत नाही.

कलमवाचक

‘काहीही बिघडत नाही’ या विधानाला थोडा इतिहास जोडतो. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने नेटफिल्टर या लिनक्समधील नेटवर्क-गाळणीच्या लेखकांपैकी एक असलेले हाराल्ड वेल्टे यांच्या अर्जावरून, जीपीएल न पाळता राउटर विकणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाईहुकूम दिला. अमेरिकेत २००७ पासून बिझीबॉक्सच्या लेखकांनी एकामागून एक दावे लावले आणि त्यांतील अनेक तडजोडीने मिटले. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २००८ मधील जेकबसन विरुद्ध कॅट्झर हा अमेरिकी अपील न्यायालयाचा निकाल. प्रकरण छंद म्हणून चालवल्या जाणाऱ्या प्रतिकृती रेल्वेच्या सॉफ्टवेअरचे, परवाना ‘आर्टिस्टिक’ नावाचा, आणि सॉफ्टवेअर फुकट वाटलेले. तरीही न्यायालयाने मानले की परवान्यातील श्रेयोल्लेखासारख्या अटींवरच परवानगी अवलंबून आहे, त्यामुळे त्या मोडल्यास तो स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो. लेखकाने पैसे घेतले नाहीत याचा अर्थ त्याने हक्क सोडले असा होत नाही, हे या निकालाने स्पष्ट केले.

१९९१ च्या जीपीएल २ मध्ये अट मोडताक्षणी परवाना आपोआप संपतो आणि त्यानंतरचे प्रत्येक वितरण बेकायदा ठरते. २००७ च्या जीपीएल ३ मध्ये थोडी दया आहे: त्या हक्कधारकाकडून पहिल्यांदाच सूचना आली असेल आणि ३० दिवसांत दुरुस्ती केली, तर हक्क कायमचे परत मिळतात. माझ्या पाहण्यात तरी बहुतेक लेखकांना पूर्तता हवी असते. पत्राला उत्तरच न देणाऱ्यांचे मात्र प्रकरण चिघळते.

बिनधास्त

ठीक आहे, मग दुसरा तट बरोबर ठरतो. क्यूटी एलजीपीएलखाली, म्हणजे लायब्रऱ्यांसाठीच्या जीपीएलच्या सौम्य प्रकाराखाली, आहे, आणि एलजीपीएल लायब्ररी स्टॅटिक पद्धतीने, म्हणजे आपल्याच फाइलमध्ये मिसळून, जोडली की आपला कोड उघडा करावाच लागतो, हे तर सर्वांना माहीत आहे.

खिडकीकार

सर्वांना माहीत असलेली ही गोष्ट खरी नाही. एलजीपीएलचा आग्रह इतकाच आहे, की ग्राहकाला लायब्ररीची स्वतः सुधारलेली प्रत तुमच्या उत्पादनात घालून ते चालवता आले पाहिजे. डायनॅमिक लिंकिंगमध्ये, म्हणजे लायब्ररी वेगळी फाइल ठेवून चालवताना जोडली तर, ते सहज साधते. लायब्ररीची फाइल बदलली की काम झाले. स्टॅटिक लिंकिंगलाही मनाई नाही, मात्र मग तुमच्या कोडच्या ऑब्जेक्ट फायली, म्हणजे संकलित पण अजून न जोडलेले तुकडे, द्याव्या लागतात, जेणेकरून ग्राहकाला पुन्हा जोडणी करता येईल. सोर्स कोड तेव्हाही देण्याची सक्ती नाही. व्यवहारात ऑब्जेक्ट फायली वाटत बसण्याची कटकट कोणालाच नको असते, म्हणून सगळे डायनॅमिककडे वळतात आणि त्यातूनच ‘स्टॅटिक म्हणजे कोड गेला’ ही दंतकथा तयार झाली असावी.

२०१६ मधील ५.७ आवृत्तीपासून क्यूटीची मुख्य मॉड्यूल्स एलजीपीएल ३ खाली मिळतात. हा परवाना जीपीएल ३ वर दिलेल्या जादा सवलतींच्या स्वरूपात लिहिलेला असल्यामुळे दोन्ही परवान्यांचे मजकूर सोबत द्यावे लागतात, उत्पादनात क्यूटी असल्याची ठळक सूचना द्यावी लागते, आणि जी बायनरी दिली तिचाच सोर्स मिळण्याची सोय करावी लागते. इथे एक खाचखळगा आहे, तो लक्षात ठेवा: सगळी मॉड्यूल्स एलजीपीएलखाली नाहीत. आलेख काढणारे क्यूटी चार्ट्स हे मुक्त परवान्यांपैकी फक्त जीपीएल ३ खाली मिळते. ते नको असेल तर व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो. कोणीतरी एका पडद्यावर आलेख हवा म्हणून बिल्डच्या फाइलमध्ये एक शब्द वाढवतो आणि अख्ख्या उत्पादनाचा हिशेब बदलतो. कोडची तपासणी करणाऱ्याच्या नजरेत तो एक शब्द भरत नाही.

तुमचा वापरकर्ता करारही उघडून पाहा. ‘उलट अभियांत्रिकीला सक्त मनाई’ हे कलम जवळपास प्रत्येक तयार साच्यात असते. एलजीपीएलनुसार लायब्ररीत केलेल्या बदलांतील दोष शोधण्यापुरती ती मुभा ग्राहकाला द्यावीच लागते. आमच्या वकिलांनी ते कलम काढले नाही, पण मुक्तस्रोत घटकांच्या परवान्यांनी दिलेले हक्क अबाधित राहतील अशी पुस्ती त्याला जोडली.

चलच्चित्र

खिडकीकार यांच्या प्रतिसादातील शेवटचा मुद्दा एफएफएमपेगलाही तंतोतंत लागू होतो. त्या प्रकल्पाने स्वतःच एक पडताळणी-यादी प्रसिद्ध केली आहे आणि तीत करारातील उलट अभियांत्रिकीची मनाई काढून टाका असे लिहिले आहे. ती यादी वाचताना लेखकांनी काय काय भोगले असेल याचा अंदाज येतो: डीएलएल फायलींना ओळखू न येणारी नावे देऊ नका, आणि आमच्या प्रकल्पाचे नाव लिहिताना स्पेलिंग चुकवू नका, अशाही सूचना तीत आहेत.

जोडारी यांच्यासाठी महत्त्वाचे असे, की एफएफएमपेग मुळात एलजीपीएल २.१ खाली आहे, परंतु त्यातील काही भाग जीपीएलचे आहेत. ‘एनेबल-जीपीएल’ दिले की संपूर्ण बिल्ड जीपीएल होते. चित्रफिती संकुचित करून लिहिणारी एक्स२६४ ही लायब्ररी जोडायची तर हा पर्याय द्यावाच लागतो. ‘एनेबल-नॉनफ्री’ दिले तर तयार झालेली बायनरी कोणालाच वाटता येत नाही, अगदी सोर्स दिला तरीही. इंटरनेटवरून उतरवलेली तयार बायनरी वापरत असाल तर ती बहुधा जीपीएल असते, कारण बांधणाऱ्याला जास्तीत जास्त सोयी हव्या असतात. म्हणून ती स्वतः बांधा, बांधण्याचा आदेश जपून ठेवा आणि त्याच आवृत्तीचा सोर्स, तुम्ही बदल केले असोत वा नसोत, तुमच्या डाउनलोडशेजारी ठेवा. चित्रफितींच्या एकस्वांचा, म्हणजे पेटंटचा, प्रश्न यापेक्षा वेगळा आहे आणि तो स्वामित्वहक्काचा परवाना पाळल्याने सुटत नाही.

टर्मिनलवासी

सगळे क्यूटीवर तुटून पडले आहेत, पण यादीतील खरा अडचणीचा घटक रीडलाइन आहे. तो एलजीपीएल नव्हे, थेट जीपीएल आहे. बाण-कळा दाबून मागचे आदेश आणण्याच्या सोयीसाठी तुम्ही संपूर्ण साधनाचा सोर्स देण्याची जबाबदारी ओढवून घेत आहात. बीएसडी परवान्याची लिबएडिट वापरा. तिच्यात रीडलाइनशी मिळताजुळता इंटरफेस आहे आणि बहुतेक कोडला फारसा हात लावावा लागत नाही.

बिनधास्त

रीडलाइन डायनॅमिक पद्धतीने जोडली तर? मग ती वेगळीच फाइल राहते.

कलमवाचक

हा वाद जुना आहे आणि त्यात दोन बाजू आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते जोडणी स्टॅटिक असो वा डायनॅमिक, दोन्ही मिळून एकच संयुक्त कृती होते आणि तिला जीपीएल लागू होतो. दुसरी बाजू म्हणते की एखादी कृती दुसरीवर आधारलेली आहे का हे स्वामित्वहक्काचा कायदा ठरवतो, जोडणी करणाऱ्या लिंकरची पद्धत नव्हे. मात्र जीपीएल २ च्या शेवटच्या परिच्छेदात लेखकाचा हेतू उघड आहे: हा परवाना तुमचा प्रोग्राम बंदिस्त प्रोग्रामात सामावू देत नाही, असे तिथे सरळ लिहिले आहे. जीपीएल ३ ने तर द्यावयाच्या सोर्सच्या व्याख्येतच डायनॅमिक जोडणीच्या घटकांचा उल्लेख केला आहे. वादाची दुसरी बाजू बौद्धिकदृष्ट्या कितीही आकर्षक असली, तरी पर्यायी लायब्ररी हाताशी असताना तिच्यावर कंपनीचे उत्पादन पणाला लावण्यात मला अर्थ दिसत नाही.

टर्मिनलवासी

जीपीएलचा प्रोग्राम वेगळी प्रक्रिया म्हणून चालवून त्याच्याशी पाइपने बोलणे हा मार्गही लोक वापरतात. साधी इनपुट-आउटपुटची देवाणघेवाण असेल तर ते दोन स्वतंत्र प्रोग्राम मानले जातात. पण आतल्या गुंतागुंतीच्या रचनांची देवघेव चालू असेल, तर मधली भिंत नावापुरतीच उरते. शिवाय तो प्रोग्राम तुमच्या इन्स्टॉलरमधून जात असेल तर त्याचा सोर्स द्यावा लागतोच.

मेघदूत

थोडे अवांतर. आमचे सगळे सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालते आणि ग्राहकाला बायनरी मिळतच नाही, त्यामुळे जीपीएलची सोर्स देण्याची जबाबदारी आमच्यावर येत नाही. अपवाद एजीपीएलचा: त्या परवान्याचा कोड बदलून नेटवर्कवरून लोकांना वापरू दिला, तर त्या वापरकर्त्यांना बदललेला सोर्स देऊ करावा लागतो. मात्र ‘आमचे तर काही वाटलेच जात नाही’ म्हणणारे एक विसरतात, की ब्राउझरमध्ये जाणारी जावास्क्रिप्ट ही वितरित केलेली प्रतच असते. आकसलेल्या फाइलमधून परवान्यांच्या टिपा सर्रास उडवल्या जातात. जावास्क्रिप्टच्या फायली एकत्र बांधणारे वेबपॅक त्या टिपा वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवते. ती फाइल निरुपयोगी समजून सर्व्हरवर न चढवण्याचा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे.

फुरसतराव

जोडारी, तुमच्या जेसनच्या लायब्ररीचा परवाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. जेसनच्या मूळ परवान्यात, सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी नाही, अशी अट आहे. तुमच्या वरिष्ठांचे दोन तट पाहता ही अट पाळणे अवघड दिसते.

काटेकोर

फुरसतराव विनोद करत असले तरी ती अट गंभीरपणे त्रासदायक आहे. वापराच्या हेतूवर बंधन येत असल्यामुळे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन तो परवाना मुक्त मानत नाही, आणि अपाची फाउंडेशनने २०१६ मध्ये तो आपल्या प्रकल्पांसाठी वर्ज्य ठरवला. दिसायला तो हुबेहूब एमआयटीसारखाच असतो, त्यामुळे नजर सहज घसरते.

मुळापासून

यादी तयार करण्याबाबत कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. पॅकेजच्या माहितीत लिहिलेला परवाना आणि आतल्या फायलींचा परवाना एकच असेल असे धरू नका. डब्यावरची चिठ्ठी आणि आतला जिन्नस वेगळा निघतो. मार्च २०२१ मध्ये रेल्स ही वेबसाइट बांधण्याची चौकट वापरणाऱ्यांना याचा चांगलाच फटका बसला. फायलींचे प्रकार ओळखणारी माइममॅजिक ही लायब्ररी एमआयटीखाली मिळत होती आणि रेल्स तिच्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून होते. पण तिच्यातील माहितीची फाइल जीपीएलच्या प्रकल्पातून आलेली आहे हे कोणीतरी दाखवून दिले. लेखकाने लायब्ररीचा परवाना बदलला, जुन्या आवृत्त्या मागे घेतल्या, आणि त्यांवर विसंबलेले बिल्ड पटापट मोडू लागले.

म्हणून स्कॅनर पॅकेजच्या माहितीवर थांबणारा नको, फायलींच्या आत शिरणारा हवा. परवान्यांची नावे एसपीडीएक्स या घटकयादीच्या प्रमाणातील ठरलेल्या खुणांनी लिहा; ते २०२१ पासून आयएसओचे प्रमाण आहे आणि खरेदी विभागांना बहुधा तेच हवे असते. ‘बीएसडी’ एवढेच लिहिलेली नोंद निरुपयोगी ठरते, कारण दोन, तीन आणि चार कलमी बीएसडींच्या अटी वेगवेगळ्या आहेत. जिथे परवानाच सापडत नाही तिथे ‘मुक्त’ असे लिहू नका. परवाना नसलेल्या कोडचे सर्व हक्क लेखकाकडेच राहतात, तो सर्वांसमोर ठेवलेला असला तरीही. स्टॅक ओव्हरफ्लोवरून उचललेले तुकडेही शोधा, कारण त्यांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयोल्लेख आणि समान-वाटप सांगणारा परवाना लागू होतो.

जोडारी

सर्वांचे आभार. आतापर्यंतचे कळवतो. रीडलाइनच्या जागी लिबएडिट बसवली आहे. एफएफएमपेग स्वतः बांधायला घेतले आहे. उतरवलेल्या बायनरीत चलच्चित्र यांनी सांगितल्याप्रमाणे ‘एनेबल-जीपीएल’ निघालेच, आणि एक्स२६४ वरून सुटका करून घेण्यासाठी चित्रफिती लिहिण्याचे काम संगणकप्रणालीतील सोयीकडे सोपवत आहोत. क्यूटी चार्ट्स सुदैवाने नाही. ‘आमच्याविषयी’ या खिडकीत सर्व परवाने दिसतील असे बटण येईल. करारातील कलम वकिलांकडे दिले आहे.

एक प्रश्न उरतो. आमच्या जुन्या आवृत्त्याही ग्राहक अजून वापरतात. सोर्स ठेवायचा तो केवळ चालू आवृत्तीतील लायब्रऱ्यांचा, की प्रत्येक प्रकाशित आवृत्तीतील?

काटेकोर

प्रत्येक प्रकाशित आवृत्तीतील. मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळाचा दुवा देऊन भागवू नका. ते स्थळ तुमच्या ताब्यात नाही आणि जुन्या आवृत्त्या तिथून केव्हाही नाहीशा होऊ शकतात. जीपीएल २ मध्ये लेखी हमीचा मार्ग घेतला तर ती किमान तीन वर्षे पाळावी लागते, आणि सोर्स म्हणजे संकलन व स्थापना करणाऱ्या स्क्रिप्टांसकट सगळे. आम्ही प्रत्येक प्रकाशनाच्या वेळी जीपीएल आणि एलजीपीएल घटकांचा सोर्स, आमचे बदल आणि बांधण्याचे आदेश यांचा एक गठ्ठा बिल्डमधूनच तयार करून घेतो आणि तो इन्स्टॉलरच्या शेजारी ठेवतो. हाताने करायचे ठेवले तर दुसऱ्याच प्रकाशनाला राहून जाते. गठ्ठा तयार झाला, की ज्याने तो बनवला नाही अशा सहकाऱ्याला कोऱ्या यंत्रावर त्यातून लायब्ररी बांधून उत्पादनात बसवायला सांगा. न जमल्यास ग्राहकालाही जमणार नाही.

खिडकीकार

काटेकोर यांच्याशी पूर्ण सहमत. आणखी एक विचारतो: यादीत फॉन्ट आणि चित्रचिन्हे आहेत का? ओपन फॉन्ट लायसन्सचा फॉन्ट बंदिस्त उत्पादनासोबत खुशाल देता येतो, फक्त तो सुटा विकता येत नाही आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा लागतो. चित्रचिन्हे क्रिएटिव्ह कॉमन्सची असतील तर श्रेयोल्लेख लागेल. कोड शोधणारे बरेच स्कॅनर या फायलींकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

जोडारी

यादीत दोन्ही नाहीत, पण रिसोर्सेसच्या फोल्डरमध्ये तीन फॉन्ट आणि चिन्हांचा एक संच दिसतो आहे; चिन्हांच्या संचासोबत परवान्याची फाइलच नाही. तो कुठून आणला हे आधी रेखाटनाच्या गटाला विचारतो आणि मगच यादी ग्राहकाकडे पाठवतो.